उन्हाळी गस्त (रेल्वे)

उन्हाळी गस्त : उन्हाने तापलेला रूळ वाकण्याआधीच त्याची लक्षणे हेरता यावीत म्हणून भर दुपारी लोहमार्गावर पायी घातली जाणारी गस्त. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग विदर्भातून जातात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हातला रूळ हवेपेक्षा आणखी १५ ते २० अंशांनी तापलेला असतो.

पूर्वी १३ मीटरच्या रुळांमध्ये फटी ठेवत, लोखंड तेवढ्यात फुगून घेई. आता रूळ वेल्डिंगने जोडून अखंड केलेले असतात. अशा लांब रुळाची दोन्ही टोकांकडची साधारण शंभर-शंभर मीटर लांबी तेवढी सरकते, मधला भाग जागचा हलत नाही. फुगायला वाव नसल्याने त्यात दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे सुमारे १.९ टन, म्हणजे २० अंश वाढीला एका रुळात जवळपास ३८ टन. हा दाब बाजूला फुटू न देणे हे स्लीपरभोवतीच्या (रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांभोवतीच्या) गिट्टीचे काम आहे. म्हणून गस्तवाला रुळावरून नजर फिरवत चालला, तरी त्याची खरी तपासणी गिट्टीची असते.

रूळ बसवताना ज्या तापमानाला त्यात ताणही नाही आणि दाबही नाही, त्याला ताणमुक्तीचे तापमान म्हणतात. रुळाचा पारा त्याच्या २० अंश वर गेला की गस्त सुरू होते. हे तापमान ४२ धरले, तर ६२ अंशांपासून. मोजणी हवेच्या नव्हे, रुळाच्या तापमानाची करायची. चुंबकाने चिकटणारा तबकडीचा तापमापक रुळाच्या उभ्या पट्टीला सावलीच्या बाजूने लावतात. काटा स्थिरावायला काही मिनिटे लागतात. घाईत वाचलेला आकडा कमीच निघतो.

नजर कुठे ठेवायची हे ठरलेले आहे. पुलाची दोन्ही टोके, फाटक, सांधा बदलण्याची जागा, उताराचा पायथा आणि गाड्या जिथे ब्रेक लावतात तो पट्टा, कारण तिथे रूळ पुढे सरकून दाब गोळा होतो. ग्रामीण विदर्भात यात पांदणीच्या तोंडची जागा धरावी लागते. ढोरे रोज एकाच ठिकाणी रूळ ओलांडतात आणि त्यांच्या खुरांनी खांद्याची, म्हणजे स्लीपरच्या टोकाबाहेरची, गिट्टी खाली घसरते. हा खांदा सरळ मार्गावर ३५० मिलिमीटर आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ५०० मिलिमीटर रुंद हवा. स्लीपरच्या टोकाशी बोटभर फट दिसली, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या क्लिपा निखळलेल्या असल्या किंवा वाकून पाहताना रुळाच्या रेषेत हलकासा नागमोडीपणा जाणवला, तर तो इशारा समजावा.

गस्तीतल्या चुकीपेक्षा मोठी चूक बहुधा आधीच झालेली असते. गिट्टी चाळून किंवा ठोकून झाली की ती काही काळ सैल राहते आणि रुळाला आडवी धरू शकत नाही. म्हणून अशी कामे उन्हाळ्यापूर्वी उरकायची असतात. ती करताना रुळाचे तापमान ताणमुक्तीच्या तापमानापेक्षा १० अंशांहून जास्त वर असता कामा नये. गिट्टी बसण्याआधीच पारा २० अंशांची हद्द ओलांडू लागला, तर खांदा ठोकून पक्का केला असल्यास ताशी ५० किलोमीटर, नसल्यास ३० किलोमीटर अशी वेगमर्यादा लावतात.

रूळ वाकलेला दिसला तर गस्तवाल्याने तिथे लाल झेंडी रोवून गाडी येण्याच्या दिशेने पळायचे. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक फटाका आणि १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळाला बांधायचे; चाकाखाली ते मोठ्याने फुटले की चालक सावध होतो. वाकलेला रूळ शेजारच्या मार्गालाही अडवत असेल, तर कोणत्या मार्गावर गाडी आधी येणार हे पाहून तो आधी राखायचा. उन्हात गिट्टीवरून सव्वा किलोमीटर पळणे सोपे नसते. त्यामुळे पाण्याची बाटली हेही गस्तीचे सामानच समजावे.

दुरुस्तीत रूळ गॅसने कापून दाब सोडतात, मार्ग सरळ सरकवतात आणि मोजून कापलेला तुकडा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) व क्लॅम्पने बसवून गाड्या अगदी सावकाश सोडतात. वेल्डिंग आणि ताणमुक्ती (रूळ पुन्हा ताण-दाबाविना बसवणे) पूर्ण होईपर्यंत वेगमर्यादा उठवत नाहीत.