लिंबूपाण्याने रक्त ‘अल्कलाइन’ होतं का?

‘रोज सकाळी लिंबूपाणी प्या, रक्त अल्कलाइन होईल, आजार जवळ येणार नाहीत.’ सोलापूरच्या घरोघरच्या ग्रुपवर उन्हाळ्यात फिरणारा हा मेसेज. सोबत रंग बदललेल्या पट्टीचा फोटो असतो, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

पण ती पट्टी लघवी तपासायची, रक्त तपासायची नव्हे. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप (आकडा जितका जास्त, तितकं अल्कलाइन), ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहतो. आम्ल वाढलं की फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडं जादा आम्ल किंवा अल्क लघवीतून काढतात. म्हणून लघवीचा पीएच खाण्यापिण्यानुसार साधारण ४.५ ते ८ पर्यंत हलतो. पट्टीचा रंग बदलला म्हणजे मूत्रपिंडांनी आपलं काम केलं, इतकंच. रक्त खरोखर ७.४५ च्या वर गेलं, तर तो अल्कलोसिस नावाचा बिघाड असतो.

इथल्या उन्हात लिंबूपाणी चांगलंच. पाणी पोटात जातं. त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी मात्र सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पडताळायचंय? निसर्गोपचाराच्या बीएनवायएस पदवीतही शरीरक्रियाशास्त्र शिकवतात. ते पुस्तक आणि एमबीबीएसचं पुस्तक शेजारी ठेवून रक्ताचा पीएच पाहा. आकडा एकच सापडेल.