कोपरखैरणेचा 'को' कुठे गेला?

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाचीने वर्गातली मुलं कुठल्या स्टेशनवर गाडीत चढतात याची मोजणी केली आणि 'आर'मध्ये आडव्या पट्ट्यांचा आलेख काढला. आर हे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेलं मोफत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर. आलेखात ठाणे, वाशी नीट उमटले. कोपरखैरणेचं मात्र 'परखैरणे' झालं.

"मावशी, स्क्रीनवर मी समास वाढवला तेव्हा पूर्ण नाव दिसत होतं. चित्राची पीएनजी फाइल केली की परत कापलं जातं!"

फाइल करणं म्हणजे स्क्रीनचा फोटो काढणं, असं आपण धरून चालतो. आर तसं करत नाही. पीएनजीची आज्ञा दिली की एक नवा कोरा कागद उघडतो आणि आलेख त्यावर पहिल्यापासून काढला जातो. समास ज्या-त्या कागदाचा असतो. स्क्रीनवरच्या खिडकीला दिलेला समास या कागदाला लागू होत नाही. शाळेत नव्या पानावर आधी पट्टीने समास आखायचो, तसंच इथे: आधी पीएनजी उघडायची, मग समास ठरवायचा, मग आलेख, आणि शेवटी 'डेव्ह ऑफ' (dev.off) ही आज्ञा देऊन फाइल बंद.

समास मोजतात मजकुराच्या ओळींत. समास ठरवणाऱ्या 'मार'ला (mar) चार आकडे द्यायचे: खाली, डावीकडे, वर, उजवीकडे. काही सांगितलं नाही तर ते ५.१, ४.१, ४.१, २.१ असतात. एक ओळ ०.२ इंचाची, म्हणजे डावीकडे जेमतेम ०.८२ इंच. त्यातही अक्षापासून थोडं अंतर सोडून नाव लिहिलं जातं. 'ठाणे' मावतं, 'कोपरखैरणे' कसं मावणार? आम्ही डावीकडे ८ ओळी दिल्या. नाव पूर्ण आलं.

मग तिने छपाईसाठी रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, ३०० केलं, आणि समास फार मोठे आहेत असा संदेश येऊन आलेखच निघेना. हा संदेश भल्याभल्यांना गोंधळात टाकतो, कारण रिझोल्यूशन बदलताना समासाला तर कुणी हात लावलेला नसतो. गोम कागदात आहे. पीएनजी मुळात ४८० पिक्सेल रुंद आणि तेवढीच उंच. इंचाला ७२ पिक्सेल धरले तर कागद साडेसहा इंचांहून थोडा मोठा. ३०० धरले तर फक्त १.६ इंच. वरचा-खालचा समास मिळूनच १.८४ इंच होतो! पट्ट्यांना जागाच उरत नाही. म्हणून माप पिक्सेलमध्ये न देता इंचांत द्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. आम्ही ६ बाय ४ इंच आणि ३०० दिलं. फाइल १८०० बाय १२०० पिक्सेलची झाली.

प्रकल्पात आलेखाचं शीर्षक चित्राखाली टाइप करायचं होतं. मग वरच्या चार ओळी रिकाम्या कशाला ठेवायच्या? तिथे १ केलं, आणि पट्ट्या चांगल्या जाड झाल्या.