एक्स्टसी आणि सेरोटोनिनचा उलटा प्रवाह

एक्स्टसी या नशेच्या गोळीमुळे मेंदूला भोकं पडतात, असं एके काळी सर्रास सांगितलं जायचं. भोकंबिकं काही पडत नाहीत. प्रत्यक्षात जे घडतं ते याहून बारीक आहे, आणि माझ्या मते जास्त विचार करायला लावणारं.

सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये संदेश पोहोचवणारं रसायन. ते बनवणाऱ्या चेतापेशी मेंदूत मोजक्याच. त्यांचे पुंजके मस्तिष्कस्तंभात मध्यरेषेलगत असतात, त्यांना राफे केंद्रकं म्हणतात. तिथून निघालेले तंतू मात्र जवळपास अख्ख्या मेंदूत पोहोचतात. तंतूंच्या टोकाशी सेरोटोनिन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेलं असतं. संदेशापुरतं ते बाहेर सोडलं जातं आणि काम झालं की एक वाहक प्रथिन ते पुन्हा आत ओढून घेतं.

एमडीएमए, म्हणजे एक्स्टसीतलं मूळ द्रव्य, याच वाहकातून आत शिरतं, पिशव्यांतला साठा पेशीत सांडतं आणि वाहकाला उलटं चालवतं. सेरोटोनिनचा लोंढा बाहेर पडतो. (त्याचंच भावंड मेथअ‍ॅम्फेटामाइन हा खेळ मुख्यतः डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाशी खेळतं.) शिवाय नवं सेरोटोनिन घडवणारं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे विकर निकामी होतं, त्यामुळे उपसलेला साठा लगेच भरून येत नाही.

१९८०च्या दशकापासून उंदीर आणि माकडांवर झालेल्या प्रयोगांत मोठे, वारंवार डोस दिल्यावर सेरोटोनिनचे बारीक तंतू फुगलेले, तुटलेले दिसले. राफेमधल्या पेशी मात्र जिवंत होत्या. पेशी जिवंत म्हणजे तंतू पुन्हा फुटण्याची आशा, आणि ते फुटतातही. पण माकडांत राफेजवळच्या भागांत तंतूंची गर्दी झाली आणि दूरच्या बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, विरळपणा राहिला. काही माकडांत तो सात वर्षांनीही दिसत होता.

उंदरांचं शरीर थंड ठेवलं तर ही हानी कमी होते. वाहक अडवणारं फ्लुओक्सेटिन हे औषध एमडीएमएनंतर काही तासांनी दिलं, तरीही तंतू बऱ्याच अंशी वाचतात. म्हणजे घाव लोंढ्याच्या क्षणी बसत नाही, तो पुढच्या तासांत, त्याच वाहकाच्या वाटेने बसतो. नेमका कोणता रेणू तो घालतो, यावर वाद आहे.

माणसांत हे ताडून पाहणं अवघड. मेंदूतले हे वाहक दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये खूप सेवन करणाऱ्यांत वाहकांची संख्या कमी आढळते, आणि दीर्घकाळ सोडलेल्यांत ती बरीचशी पूर्ववत दिसते. पण वाहक कमी म्हणजे तंतू गेलेच असं नाही. शाबूत पेशीही वाहकांची संख्या घटवू शकते. त्यात हे लोक बहुधा इतर नशाही करतात, आणि गोळीत एमडीएमए किती हे त्यांनाही ठाऊक नसतं.

प्रयोगशाळेतही घोटाळे होतात. २००२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाने एक शोधनिबंध छापला : एमडीएमएच्या मोजक्या डोसांनी माकडांच्या डोपामिन पेशींना जबर इजा होते. पुढच्याच वर्षी तो मागे घेतला गेला, कारण बाटल्यांवरच्या लेबलांची अदलाबदल झाली होती आणि माकडांना दिलं गेलं होतं ते मेथअ‍ॅम्फेटामाइन.