उल्का की कोसळणारं रॉकेट?

९ डिसेंबर १९६५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मिशिगनपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत, पलीकडे कॅनडातही, हजारो लोकांनी आकाशातून जाणारा आगीचा लोळ पाहिला. पेनसिल्व्हेनियातल्या केक्सबर्गकरांना तर तो आपल्याच रानात पडल्याची खात्री होती. सैनिकांनी रात्री शोध घेतला आणि हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'ने, म्हणजे उडत्या तबकड्यांच्या बातम्या तपासणाऱ्या प्रकल्पाने, निष्कर्ष काढला: उल्का. अनेकांना तो पटला नाही. सोव्हिएत यान 'कॉसमॉस ९६' त्याच दिवशी कोसळलं होतं, मग लष्कर तेच दडवतंय, असा संशय बळावला.

मला मात्र हवाई दलाचं म्हणणं पटतं. उल्का वातावरणात शिरते तीच मुळी सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने, आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत विझते. रॉकेटचा निकामी टप्पा पृथ्वीभोवती फिरत फिरत खाली येतो. त्याचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आत असतो आणि तो जवळजवळ आडवाच शिरतो. त्यामुळे तो मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ दिसतो, त्याचे तुकडे सुटत जातात आणि दिव्यांची माळ सावकाश सरकत राहते. अर्थात वातावरणाला चाटून जाणारी उल्काही बराच वेळ दिसू शकते, म्हणून नुसत्या वेळेवर भागत नाही. मार्गही मोजावा लागतो.

केक्सबर्गच्या अग्निगोलाचा मार्ग मोजला गेला. त्याच्या मागे राहिलेल्या धुराच्या रेषेचे फोटो मिशिगनमध्ये दोन ठिकाणांहून निघाले होते. त्यांवरून चेंबरलेन आणि क्राउझ या अभ्यासकांनी गणित मांडलं, तर मार्ग ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाच्या आसपास संपत होता, केक्सबर्गपासून शेकडो किलोमीटर दूर. अमेरिकी नोंदींनुसार कॉसमॉस ९६ त्याआधी कित्येक तास, पहाटेच पडलं होतं. मग गावकरी खोटं बोलले का? मुळीच नाही. इतक्या उंचावरचा अग्निगोल दूरवरून पाहणाऱ्याला समोरच्या झाडांमागेच उतरल्यासारखा वाटतो.

३ मार्च १९६८ ला उलट घडलं. सोव्हिएत 'झोंड ४' मोहिमेतल्या रॉकेटचे तुकडे अमेरिकेवर जळत गेले. काहींनी सिगारच्या आकाराचं, उजळलेल्या खिडक्यांचं यान पाहिल्याचं कळवलं. होते फक्त सुटे दिवे. मधल्या अंधारात यानाचं अंग मनाने भरलं. हवाई दलाच्याच पैशातून झालेल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभ्यासात या साक्षी तपासल्या गेल्या. प्रामाणिक माणसाचीही आकाशाबद्दलची साक्ष का पडताळावी लागते, हे मला त्या वाचून सगळ्यात नीट कळलं.

आपल्याकडे २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात असेच दिवे सरकले. अनेकांनी त्यांना उल्कावर्षावच ठरवलं. मग चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, धातूचं भलंमोठं कडं सापडलं आणि परिसरात धातूचे गोळेही. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाच्या मते ते २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी 'चांग झेंग ३बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते. रॉकेटच्या अशा अवशेषांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. तेव्हा असं काही शेतात आढळलं, तर हात न लावता आधी पोलिसांना कळवा.