‘आमचे तत्त्व’ कोणाचे?

१८०९ साली कार्ल फ्रीडरिश गाउस यांचा ग्रहगतीवरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील दोन शब्दांनी पॅरिसचे गणिती लजाँद्र फार दुखावले गेले. लजाँद्र यांनी १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकाच्या पुरवणीत जी पद्धत मांडली होती, तिचा उल्लेख गाउस यांनी ‘आमचे तत्त्व’ असा केला होता. लजाँद्र यांचे नाव घेऊनही, आपण ते १७९५ पासून वापरत आहोत, असे त्यांनी नोंदवले होते.

ही लघुतम वर्गांची पद्धत. आकाशस्थ गोलाची निरीक्षणे अनेक असली, तरी प्रत्येकात थोडी चूक असतेच, त्यामुळे कोणतीही एक कक्षा सर्व नोंदींशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी, निरीक्षण आणि गणित यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज जिच्यासाठी सर्वांत कमी येते, ती कक्षा स्वीकारायची. वर्ग केल्यामुळे अधिक-उणे फरक एकमेकांना खोडत नाहीत आणि मोठ्या चुकीला जास्त वजन मिळते.

३१ मे १८०९ रोजी लजाँद्र यांनी गाउस यांना पत्र लिहिले. हे मला आधीच सापडले होते, असे म्हणून कोणताही शोध कोणालाही आपल्या नावावर करता येईल. तो कोठे छापला होता हे दाखवता येत नसेल, तर अशा विधानाने खऱ्या शोधकर्त्यावर अन्यायच होतो, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. गाउस यांना अखेर मित्राच्या साक्षीचा आधार घ्यावा लागला: ब्रेमेनचे वैद्य आणि खगोलज्ञ ओल्बर्स यांनी १८१६ मध्ये, ही पद्धत गाउस यांनी आपल्याला १८०५ पूर्वीच सांगितली होती, असे छापून जाहीर केले. लजाँद्र यांचे समाधान झाले नाही; १८२० मध्ये त्यांनी पुन्हा जाहीर तक्रार केली. मात्र या पद्धतीची सांगड संभाव्यतेशी घालण्याचे मोठे काम गाउस यांच्या १८०९ च्या ग्रंथात झाले, हेही मान्य केले पाहिजे.

गाउस यांची ही सवय पुढेही सुटली नाही. १८३२ मध्ये जुने मित्र फार्काश बोयाई यांनी मुलाची, यानोशची, नवी भूमिती त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा तिची स्तुती करणे म्हणजे स्वतःचीच स्तुती करणे होईल, असे उत्तर त्यांनी धाडले, कारण तेच विचार कित्येक वर्षे त्यांच्या मनात होते. यानोश यांना हे उत्तर फार लागले. त्यानंतर त्यांनी हयातीत गणितावर काहीही प्रसिद्ध केले नाही.