भरतीची रेषा कोठून मोजायची? अलिबागच्या किनाऱ्याची पार्श्वभूमी

मुंबईहून वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा अलिबागला जाणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘पूर्वी समुद्र इतका जवळ नव्हता.’ गेल्या डिसेंबरात अलिबागजवळच्या वरसोलीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभे राहिल्यावर मलाही तेच वाटले. १९९० च्या दशकात ज्या सुरूच्या झाडांखाली आम्ही डबे सोडून बसत असू, त्यांपैकी उरलेल्या काही झाडांची मुळे हातभर उघडी पडून वाळूच्या उभ्या कडेवरून खाली लोंबत होती आणि तेथून थोड्याच पावलांवर एका बंगल्याची चिरेबंदी भिंत उभी होती. समुद्र पुढे आला की भिंत, हे त्या जागी उभे राहून सांगता येत नाही. या किनाऱ्याच्या गेल्या चाळीस वर्षांतील बहुतेक तंटे मात्र त्याच प्रश्नाचे आहेत.

कुलाबा किल्ला आणि आंग्र्यांचे आरमार यांची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मुंबईने अलिबागकडे आजच्या अर्थाने प्रथम पाहिले ते १९०४ मध्ये, असे मला वाटते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असल्याने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील, हे ओळखून ते काम त्या वर्षी अलिबागला हलवण्यात आले. गजबजाटापासून दूर आणि तरीही हाकेच्या अंतरावर, ही अलिबागची ओळख तेव्हापासूनची आहे. पुढे सुट्टीला येणाऱ्यांनीही तीच ओळख शोधली.

किनाऱ्यालगतच्या जमिनीचा आकार समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. आक्षी-नागावकडच्या वाड्या रुंदीने कमी आणि लांबीने पुष्कळ असतात. रस्त्याला तोंड करून घर, घरामागे विहीर, तिच्यावर एके काळी रहाट, त्यापुढे नारळ-सुपारीची बाग, शेवटी केवड्याचे किंवा सुरूचे कुंपण आणि मग पुळण, अशी ही एकच सलग पट्टी असते. वाडीच्या मागच्या बाजूला समुद्र आहे याचे वाडीवाल्याला फारसे कौतुक नव्हते; खारा वारा झाडांना बाधू नये म्हणून तो शेवटचा पट्टा दाट ठेवत असे. खारेपाटातील, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यातील, भातशेतीची गोष्ट वेगळी. तेथे चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून खोतांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनी पडीक ठेवल्या, आणि कसणाऱ्याच्या हक्काची जी चर्चा त्यातून उभी राहिली तिचा शेवट १९४८ च्या कूळकायद्यात आणि कुळांना जमिनीचे मालक मानणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनात झाला. त्याच कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. कुळाची जमीन कुळाकडे राहावी म्हणून केलेली ही तरतूद पुढे मुंबईकर खरेदीदाराच्या वाटेत उभी राहिली, आणि कोठल्या तरी दूरच्या गावचा सातबारा दाखवून शेतकरी ठरण्याची धडपड तेव्हापासून सुरू झाली.

आता मूळ वादाकडे येऊ. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधानांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीच्या सर्वांत पुढच्या पाण्यापासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा ठेवावा, असे कळवले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने आले. सर्वसामान्य बोलण्यात जो ‘सीआरझेड’ म्हणतात तो हाच. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र ठरले, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परवानगीने हॉटेले तसेच गावकऱ्यांच्या परंपरागत हक्काची, मर्यादित उंचीची घरे चालतील असे ठरले. अंतर मीटरमध्ये नेमके सांगितले होते. ते ज्या रेषेपासून मोजायचे ती भरतीरेषा मात्र ‘उधाणाच्या वेळी सर्वांत मोठी भरती जेथपर्यंत पोहोचते ती रेषा’ एवढ्याच शब्दांत सांगितली होती.

कोळीवाड्यात हा शब्दप्रयोग ऐकला तर पहिला प्रश्न येतो : कोणते उधाण? किनाऱ्यावरच्या माणसाचा भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी, तर पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास. अष्टमीच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात आणि तिचे पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण. पण माघातले उधाण आणि आषाढातले उधाण यांत फरक आहे. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर भरती जवळपास ५ मीटरची होते, वर नैर्ऋत्येचा वारा लाटा आत ढकलतो, आणि त्याच काळात पुळणीची वाळू ओढली जाऊन किनारा अरुंद होतो. दिवाळीनंतर वाळू हळूहळू परत येते. म्हणजे एकाच वाडीसमोरची पाण्याची खूण वर्षभरात मागेपुढे होत राहते आणि कागदावर तिची एकच रेघ मारायची असते. ती रेघ दहा मीटर समुद्राकडे सरकली, तर मागे २०० मीटरवर एक अख्खे जोते कायदेशीर ठरू शकते. माझ्या मते या अधिसूचनेतला सर्वांत महागडा शब्द ‘भरतीरेषा’ हाच होता, आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले.

रेषा आखून किनारा आराखडे तयार करण्यास राज्यांना एक वर्षाची मुदत होती. ती बहुतेकांनी पाळली नाही. उलट १९९४ मध्ये केंद्राने अधिसूचना सैल केली : खाड्या आणि नद्यांच्या काठचे १०० मीटरचे अंतर ५० मीटरवर आणले आणि ना-विकास क्षेत्रातही बांधकामाची मुभा देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. १८ एप्रिल १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही सवलती रद्द केल्या आणि रखडलेल्या आराखड्यांसाठी राज्यांना धारेवर धरले. पाच वर्षे नियम होता आणि नकाशा नव्हता. याच काळात गेटवेहून मांडव्याला वेगवान बोटी सुरू झाल्या, आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच व पुढे एसटी असा जो अर्ध्या दिवसाचा प्रवास होता, तो तासाभरावर आला. मांडवा, आवास, किहीम, थळ या पट्ट्यातील बंगल्यांना बहर आला तो नेमका या दोन गोष्टी जुळल्या तेव्हा.

या बंगल्यांसाठी रूढ झालेला शब्द ‘फार्महाऊस’. जमीन महसूल कायद्यातले शेतघर हे शेतीची अवजारे, माल आणि राबणारी माणसे यांच्या सोयीसाठी असते, त्यासाठी साधारण एक एकराहून अधिक क्षेत्र लागते आणि जोत्याच्या आकारालाही मर्यादा आहे. पोहण्याचा तलाव त्यात बसत नाही, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. तरीही शेतघराच्या नावाखाली काय काय उभे राहिले, ते उच्च न्यायालयातील याचिकांनी पुढे बाहेर आणले. मार्च २०१९ मध्ये किहीमजवळचा, देश सोडून गेलेल्या एका हिरे व्यापाऱ्याचा बंगला सुरुंग लावून पाडण्यात आला. त्या धुरळ्याची छायाचित्रे सर्वांना आठवतात. आक्षी-नागावच्या वाडीवाल्याची अडचण मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. त्याची पट्टी मुळातच समुद्रापर्यंत जाते, त्यामुळे घरापासून केवड्यापर्यंतचा बराचसा भाग २०० मीटरच्या आत. सुट्टीवाल्यांसाठी दोन खोल्या वाढवायच्या तर परवानगी नाही. जुन्या घराची दुरुस्ती करायची तर आहे त्याच जोत्यावर, आणि घर पूर्वीचेच आहे हे कागदाने सिद्ध करून. ज्याच्या पणज्याने ते सुरूचे कुंपण राखले त्याने नियम पाळायचा आणि ज्याने ते तोडून भिंत घातली त्याने न्यायालयात तारीख घ्यायची, ही विषमता मला अजूनही खटकते.

१८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने, त्यापूर्वीची २०११ ची आवृत्ती बाजूला सारत, ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या गावांत दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक माणसे राहतात तेथे ना-विकास क्षेत्र ५० मीटर; अन्य गावांत ते २०० मीटरच राहिले. पुळणीवर भरतीरेषेपासून १० मीटर सोडून पर्यटकांसाठी तात्पुरत्या सोयींनाही वाट मिळाली. आता गावागावांत नवा प्रश्न आला तो आपण दाट की विरळ, आणि शेजारच्या दोन गावांना दोन न्याय का. दाट गावांतील वाडीवाल्यांना यातून थोडा श्वास मिळाला, हे मान्य करावे लागेल. परंतु तीच सवलत त्याच गावात जमीन घेऊन ठेवलेल्या बाहेरच्या माणसालाही मिळते.

वाडीवाल्याला तिचा लाभ घेण्याइतके बळ उरले होते का, हा प्रश्न ३ जून २०२० नंतर विचारावा लागतो. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. सुपारीची झाडे काडीसारखी मोडली, माड मुळासकट आडवे झाले, सुरूच्या बनांत मोठमोठी भगदाडे पडली. सुपारी लावल्यापासून हाती उत्पन्न यायला सहा-आठ वर्षे लागतात. एवढा काळ थांबणे ज्याला परवडले नाही त्याने मोकळ्या झालेल्या जागेत कॉटेज घातले किंवा वाडीच विकली. नागावच्या रस्त्याने जाताना आज ‘वाडी’ हा शब्द बागेपेक्षा निवासाच्या पाट्यांवर अधिक दिसतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा (मोटारीही वाहून नेणारी बोट) सुरू झाली आणि मोटारीसह तासाभरात पलीकडे जाणे शक्य झाले. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. कित्येक दशके नुसताच चर्चेत राहिलेला रेवस-करंजा पूल उभा राहिला की उरलेला वळसाही जाईल. या दळणवळणाचा जमिनीच्या भावावर झालेला परिणाम सर्वांना दिसतो. भरतीरेषेशी असलेला त्याचा संबंध सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पूर्वी पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद राहत, त्यामुळे मुंबईचा खरेदीदार जमीन पाहायला यायचा तो नोव्हेंबर ते मे या काळात. तेव्हा पुळण रुंद असते आणि हिवाळ्यातले मोठे उधाण मध्यरात्रीच्या सुमारास येऊन जाते. आषाढातल्या अमावास्येचे भर दुपारी चढणारे पाणी त्याने पाहिलेलेच नसे. आता रो-रो पावसाळ्यातही चालते. वरसोलीत ज्या भिंतीचा उल्लेख सुरुवातीला केला तिच्या बाहेर मोठाले दगड रचून ठेवलेले होते. ते कधी आणले, असे विचारल्यावर राखणदाराने सांगितले की मालक गेल्या जुलैत पहिल्यांदाच येऊन राहिले होते, त्यानंतर.