चिठ्ठी बांधलेला व्हॉल्व्ह

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घराच्या माळ्यावरून जुना टीव्ही दुरुस्तीसाठी उतरवला. मागचं हार्डबोर्ड काढल्यावर आत पालीची अंडी दिसली आणि एका व्हॉल्व्हला (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळीला) दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: ‘पीएल ५०४ बदलला, मे ७९’.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याचं वरळीचं केंद्र ठाण्याच्या नैर्ऋत्येला, पंचवीसेक किलोमीटरवर; म्हणून इथल्या गच्च्यांवरचे सगळे अँटेना त्याच दिशेला तोंड करून असत. टीव्हीचं लायसन्स पोस्टात काढावं लागे. १९८२ला एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आलं आणि ट्रान्झिस्टर-आयसीच्या सेटनी घरं भरू लागली. व्हॉल्व्हच्या टीव्हीला आपल्याकडे जेमतेम दहा वर्षं मिळाली.

दुरुस्तीतली सगळी कटकट त्या काळच्या एका काटकसरीतून आलेली आहे. सेटला मेन्सपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या लाइनपासून, वेगळं ठेवणारा मेन्स ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग, म्हणून बहुतेक सेटमध्ये तो नसेच. पीसीएल, पीएल, पीवाय अशा ‘पी’वाल्या व्हॉल्व्हचे हीटर (आतल्या तापणाऱ्या तारा) ३०० मिलिअँपियरचे. ते दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडून थेट मेन्सवर टाकलेले असत. एक गेला की सगळे विझले. शिवाय चॅसीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, मेन्सचं एक टोक जोडलेलं, त्यामुळे दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर चॅसीवर फेज! आमच्याकडे येणारे मेकॅनिक काका चपला घालूनच टीव्हीमागे बसत. आजी पुटपुटायची, पण काका काही चपला काढत नसत. का, ते मला परवा झटका बसल्यावर कळलं.

आता सेटला मेन्सपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय हात घालत नाही. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे करंट आवरायला वाटेत जोडलेला साधा दिवा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, ते सरसकट बदलावेत. खाडीकाठच्या दमट हवेत जुने पेपर कंडेन्सरही गळके होतात. एलओटी (पिक्चर ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) मात्र जपायची, ती जळली तर तशीच दुसरी मिळणं कठीण. पिक्चर ट्यूबच्या टोपीवर पंधरा-अठरा हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही चार्ज राहतो, तो आधी उतरवायचा.

हीटर लालसर होतात, अर्ध्या मिनिटाने रास्टर (चित्राविना नुसता उजळलेला पडदा) येतं. चित्र कुठून आणायचं? दूरदर्शनचं इथलं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालंय, तेव्हा व्हिडिओ सिग्नल टीव्ही चॅनलसारखा करून देणारा आरएफ मॉड्युलेटर हवा. त्याची केबल ७५ ओहमची, सेटची चपटी वायर ३०० ओहमची. म्हणून मध्ये दोन्ही जुळवणारा बालुन.